सुपर लीगमधली बढती आणि पदावनती: दोन पायऱ्यांमधल्या अंतराचा हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडच्या व्यावसायिक रग्बी लीगमध्ये, म्हणजे सुपर लीगमध्ये, तळाचा संघ खाली आणि खालच्या श्रेणीचा विजेता वर ही जुनी पद्धत बंद होऊन आता गुणांकनावर जागा दिल्या जातात. यामुळे स्पर्धेतली चुरस मेली का, आणि फुटबॉलसारखी सरळ बढती-पदावनती परत आणली तर ती पुन्हा जिवंत होईल का? आणि माझ्या हातात असते तर मी काय केले असते? मी पेशाने हिशेबनीस आहे. वेस्ट यॉर्कशरमध्ये राहून गेली अठरा वर्षे मी क्रीडा क्लबांचे हिशेब आणि अंदाजपत्रके पाहते, आणि त्यांतली बरीचशी रग्बी लीगच्या क्लबांची आहेत. त्यामुळे माझे उत्तर मैदानाइतकेच कचेरीतून दिसलेले आहे, हे आधी सांगून ठेवते.

माझे मत असे की चुरस बढती-पदावनतीच्या असण्या-नसण्यावर ठरत नाही. वरच्या आणि खालच्या श्रेणीत पैशाचे अंतर किती आहे, आणि वर आलेल्या क्लबाला उभे राहायला किती वेळ मिळतो, या दोन गोष्टींवर ती ठरते. अंतर कमी असेल तर दरवर्षी चार संघ खाली-वर झाले तरी खेळ निरोगी राहतो. अंतर मोठे असेल तर एकच संघ खाली गेला तरी त्याच्या पोटातली माणसे रस्त्यावर येतात आणि वर आलेला संघ हंगामभर मार खातो. ‘चुरस’ या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी मोजतो, हेही लक्षात घ्यायला हवे. विजेतेपद किती जणांच्या आवाक्यात आहे ही एक चुरस, आणि तळाच्या संघांच्या सप्टेंबरमधल्या सामन्यांना अर्थ उरतो का ही दुसरी. पदावनती दुसरीला हमखास मदत करते. पहिलीला ती मदत करते असा पुरावा मला हिशेबात कुठे सापडलेला नाही.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी दोन वाक्ये. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडचे क्लब रग्बी युनियनपासून वेगळे झाले, कारण शनिवारची पाळी बुडवून खेळणाऱ्या कामगाराला त्या दिवसाची मजुरी भरून द्यायला लंडनचे पदाधिकारी तयार नव्हते. त्या फुटीतून तेरा खेळाडूंचा, सहा टॅकलनंतर चेंडू प्रतिस्पर्ध्याला देणारा हा खेळ तयार झाला. आपल्याकडच्या माणसाला तो पाहताना कबड्डीतली पकड हटकून आठवते. मजुरीच्या प्रश्नावर जन्मलेल्या खेळात पदावनतीचा वादही शेवटी मजुरीपाशीच येऊन थांबतो, याचे मला कधीच नवल वाटले नाही.

आता पुराव्याकडे वळू. १९७३-७४ मध्ये दोन श्रेणींची पद्धत कायमची सुरू झाली तेव्हा पहिल्या श्रेणीत सोळा संघ होते आणि दर हंगामाला चार खाली, चार वर असा नियम होता. म्हणजे वरच्या श्रेणीतला दर चौथा संघ खाली जात होता. इतकी कठोर पदावनती या खेळात त्यानंतर कधी राहिली नाही. तरीही १९७३-७४ ते १९८५-८६ या तेरा हंगामांत साखळीचे विजेतेपद सॅलफर्ड, सेंट हेलेन्स, फेदरस्टोन रोव्हर्स, विडनेस, हल केआर (हल किंग्स्टन रोव्हर्स), ब्रॅडफर्ड नॉर्दर्न, ली, हल आणि हॅलिफॅक्स अशा नऊ वेगवेगळ्या क्लबांनी जिंकले. हल १९७८-७९ मध्ये दुसऱ्या श्रेणीत होते आणि तिथले सव्वीसच्या सव्वीस सामने त्यांनी जिंकले. पुढच्याच हंगामाअखेर, मे १९८० मध्ये, ते लंडनच्या वेम्बली मैदानावर आपल्याच शहरातल्या हल केआरविरुद्ध चॅलेंज कपची, म्हणजे साखळीबाहेरच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेची, अंतिम लढत खेळले, आणि १९८२-८३ मध्ये साखळीचे विजेते झाले. हॅलिफॅक्स १९८४ मध्ये वर आले आणि १९८६ मध्ये विजेते ठरले.

याच्या शेजारी सुपर लीगचा हिशेब ठेवा. १९९६ ते २०२४ या एकोणतीस हंगामांत सेंट हेलेन्स, विगन, लीड्स आणि ब्रॅडफर्ड या चारच क्लबांनी विजेतेपद मिळवले. या एकोणतीस वर्षांत पदावनती कधी होती, कधी नव्हती, कधी अर्धी होती. पण चारांचा आकडा त्यामुळे हलला नाही. जुने लोक नऊ क्लबांचा काळ आठवून ‘तेव्हा पदावनती होती म्हणून चुरस होती’ असे म्हणतात. पण पदावनती पुढेही होतीच. बदलले ते दुसरेच काही.

बदलली ती खेळाडूची नोकरी. सत्तरच्या दशकातला खेळाडू दिवसा खाणीत, गोदीत किंवा कारखान्यात काम करायचा आणि आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी सराव करायचा. क्लब त्याला सामन्याचे पैसे द्यायचा, जिंकल्यावर थोडे जास्त. क्लब खाली गेला तर त्याचा सामन्याचा भत्ता कमी व्हायचा, घर चालत राहायचे. आपल्याकडच्या मुंबईच्या कांगा लीगचे उदाहरण घ्या. १९४८ पासून भर पावसात खेळल्या जाणाऱ्या या स्पर्धेत ‘अ’ गटातला क्लब ‘ब’ गटात उतरला तर मैदानावरच्या तंबूत दुःख होते, पण कुणाची चूल विझत नाही, कारण खेळाडूची भाकरी बँकेत किंवा कंपनीत असते. अशा रचनेत चारच काय, सहा संघ खाली-वर केले तरी चालते. पायरीवरून घसरलेला पुढच्या वर्षी त्याच माणसांसह पुन्हा चढतो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून विगनने पूर्णवेळ व्यावसायिक संघ बांधला. १९८६-८७ चे विजेतेपद त्यांनी घेतले, मधली दोन वर्षे विडनेसची, आणि १९८९-९० पासून सलग सात विजेतेपदे पुन्हा विगनची. दिवसातून दोनदा सराव करणारा संघ आणि रात्री थकून सरावाला येणारा संघ यांच्यातली दरी कोणत्याही पदावनतीने भरून निघणारी नव्हती. १९९६ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीच्या ८.७ कोटी पाउंडांच्या करारावर सुपर लीग सुरू झाली, हिवाळ्याचा खेळ उन्हाळ्यात आला, वरची श्रेणी पूर्णवेळ झाली आणि खालची अर्धवेळ राहिली. दरी तेव्हा कायमची कोरली गेली. वरच्यांनी मग आपल्या बाजूने कठडाही बांधला. १९९९ मध्ये हन्सलेटने खालच्या श्रेणीची ग्रँड फायनल, म्हणजे हंगामाचा विजेता ठरवणारी अंतिम लढत, १२-११ ने जिंकली, २००० मध्ये ड्यूसबरीने १३-१२ ने. दोघांनाही सुपर लीगचे निकष पूर्ण होत नाहीत म्हणून वर घेतले गेले नाही. एका गुणाने जिंकलेले ते सामने खेळलेल्या पोरांना काय वाटले असेल, ते त्या गावांत आजही ऐकायला मिळते.

आता कचेरीतली गोष्ट. पदावनतीचा खरा धोका समजायला दिनदर्शिका पाहावी लागते. सुपर लीगचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि ऑक्टोबरमध्ये संपतो. करार संपत आलेल्या खेळाडूंशी दुसऱ्या क्लबांची बोलणी त्याआधी कित्येक महिने, उन्हाळ्याच्या तोंडाशीच सुरू झालेली असतात. बढती मात्र ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ठरते आणि नोव्हेंबरात पुढच्या हंगामाचा सराव सुरू होतो. म्हणजे वर आलेल्या क्लबाला सहा आठवड्यांत पंचवीस-तीस पूर्णवेळ खेळाडूंचा संघ, प्रशिक्षक, फिजिओ, विश्लेषक, कार्यालय सगळे उभे करायचे असते, आणि बाजारात तेव्हा इतरांनी चाचपून ठेवलेलीच भाजी उरलेली असते. शिवाय जो संघ वर घेऊन आला त्यातले अर्धे खेळाडू आपली पक्की नोकरी सोडून वर्षभराच्या करारावर यायला तयार नसतात, आणि मला त्यांचे चुकते असे वाटत नाही.

खाली जाऊ शकणाऱ्या क्लबाची बाजू मी जवळून पाहिली आहे. एका क्लबाच्या कचेरीत, स्टँडच्या खालच्या कमी उंचीच्या खोलीत, ऑगस्टअखेर आम्ही एकाच फाइलमध्ये दोन अंदाजपत्रके तयार करत होतो. डाव्या रकान्यावर ‘राहिलो’, उजव्यावर ‘गेलो’. डावीकडे केंद्राकडून येणारा प्रसारणाचा वाटा पूर्ण, उजवीकडे तो इतका घटलेला की त्यातून पहिल्या संघाचे एका तिमाहीचे पगारही निघत नव्हते. पहिल्या संघाच्या बहुतेक करारांत पदावनती झाल्यास करार रद्द होण्याचे कलम होते, त्यामुळे उजव्या रकान्यात खेळाडूंचा खर्च आपोआप खाली यायचा. पण धोबीकाम करणारी बाई, तिकीटखिडकी, गावातल्या शाळांत शिकवायला जाणारे दोन प्रशिक्षक, युवा संघाचा फिजिओ, यांच्यासाठी असे कोणतेही कलम नव्हते. त्यांची नावे उजव्या रकान्यात एकेक करून कमी करायची होती. तो फिजिओ रोज सकाळी दारात उभा राहून चहा घेत विचारायचा, ‘कधी कळेल?’ त्याला घराच्या कर्जाचा नवा करार करायचा होता. मी सांगायचे, ‘शेवटच्या रविवारी.’ त्यापेक्षा प्रामाणिक उत्तर माझ्याकडे नव्हते. क्लब त्या वर्षी वाचला. फिजिओ मात्र त्याआधीच दुसरी नोकरी धरून निघून गेला होता, आणि त्याच्या जागी तितका चांगला माणूस मिळायला दोन वर्षे गेली. ही हानी कोणत्याही गुणतक्त्यात दिसत नाही.

वर येणाऱ्यांची अवस्था आकड्यांत पाहा. ली २००५ मध्ये वर आले, दोन सामने जिंकले आणि खाली गेले. कॅनडाच्या टोरांटोने २०२० मध्ये करोनाच्या काळात अंग काढून घेतल्यावर रिकाम्या जागी समितीने २०२१ साठी लीची निवड केली. निर्णय डिसेंबरात झाला. ली पुन्हा दोन सामने जिंकून खाली. फ्रान्सचे टूलूझ २०२२ मध्ये एका वर्षाचे पाहुणे ठरले. मात्र याच लीने २०२२ मध्ये परत वर येताना पैसा, पूर्णवेळ संघ आणि खेळाडूंची निवड आधीच तयार ठेवली होती, आणि २०२३ मध्ये वेम्बलीवर हल केआरला गोल्डन पॉइंटवर, म्हणजे जादा वेळेतल्या पहिल्याच गुणावर, १७-१६ ने हरवून चॅलेंज कप जिंकला. लॅकलन लॅमचा तो ड्रॉप गोल (चेंडू जमिनीवर टप्पा देऊन खांबांमधून मारलेली एका गुणाची लाथ) पाहताना माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने टोपी काढून तोंडावर धरली होती. २०१९ चे लंडन ब्रॉन्कोस हे दुसरे टोक. सगळ्यांनी आधीच बुडीत धरलेल्या त्या संघाने दहा सामने जिंकले, वीस गुण मिळवले, आणि हल केआरइतकेच गुण असताना गुणफरकावर ते खाली गेले. दहा विजय मिळवणारा संघ ‘स्पर्धात्मक नाही’ असे कुणी म्हणू शकत नाही. तरी पुढच्या वर्षी तो संघ विखुरला.

२०१५ ते २०१८ ही चार वर्षे प्रयोगाची होती आणि त्यांच्याबद्दल मला थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण चुरस वाढवायचा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न तेव्हा झाला. वरचे बारा आणि खालचे बारा संघ तेवीस फेऱ्या खेळायचे, मग त्यांचे आठ-आठचे तीन गट पडायचे. मधल्या गटात सुपर लीगचे तळाचे चार आणि चॅम्पियनशिपचे, म्हणजे खालच्या श्रेणीचे, वरचे चार. सगळ्यांचे गुण शून्यावर, सात सामने, पहिले तीन सुपर लीगमध्ये, चौथा आणि पाचवा एका सामन्यात भिडणार. त्या सामन्याला ‘मिलियन पाउंड गेम’ असे नाव पडले. प्रेक्षकाच्या दृष्टीने ही रचना जबरदस्त होती. २०१५ मध्ये तिन्ही किताब जिंकणारे लीड्स पुढच्याच वर्षी नवव्या स्थानावर घसरले आणि थेट या मधल्या गटात येऊन पडले. असे दृश्य मोठ्या क्लबांना कधी पाहावे लागत नाही, आणि मी ते पाहून मनापासून खूश झाले होते.

पण १ ऑक्टोबर २०१६ चा सामना पाहिल्यावर माझे मत बदलायला सुरुवात झाली. हल केआरचे घरचे मैदान, समोर सॅलफर्ड. शेवटच्या काही मिनिटांपर्यंत हल केआर १८-१० ने पुढे होते. सॅलफर्डने दोन ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला की मिळणारे चार-चार गुण) करून बरोबरी साधली आणि जादा वेळेत गॅरेथ ओब्रायनच्या लांबून मारलेल्या ड्रॉप गोलने १९-१८ असा निकाल लागला. नाट्य म्हणून याहून मोठे काही नाही. पण तीस सामन्यांचा हंगाम, एका क्लबाचे पूर्णवेळ असणे आणि कित्येकांची नोकरी एका लाथेवर टांगलेली होती, आणि ते त्या दिवशी मैदानावर बसलेल्या बायका-मुलांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट वाचता येत होते. दोन वर्षांनी टोरांटो आणि लंडन यांच्यात हाच सामना झाला तेव्हा लंडनने तो ४-२ ने जिंकला. ऐंशी मिनिटांत एकही ट्राय झाला नाही. इतके काही पणाला लागले की माणसे चेंडू हातातून सोडत नाहीत, धोका पत्करत नाहीत, आणि खेळ आखडतो. चुरस वाढवायला बसवलेल्या सामन्यात खेळच नाहीसा व्हावा, हे मला धोक्याचे लक्षण वाटले.

हल केआरची पुढची कहाणी तुमच्या प्रश्नाला थेट भिडते. २०१७ मध्ये ते परत वर आले. २०२० मध्ये ते तळाला राहिले, पण करोनामुळे त्या वर्षी पदावनती रद्द झाली होती, म्हणून वाचले. तोच प्रशिक्षक, बराचसा तोच संघ ठेवून २०२१ मध्ये ते बाद फेरीच्या उपांत्य सामन्यापर्यंत गेले. २०२३ मध्ये चॅलेंज कपची अंतिम फेरी, २०२४ मध्ये ग्रँड फायनल, आणि २०२५ मध्ये चॅलेंज कप, साखळीतले पहिले स्थान आणि ग्रँड फायनल अशी तिन्ही बक्षिसे. चारांच्या बंद यादीत पाचवे नाव घालणारा हा क्लब. काही जण म्हणतील की २०१६ च्या घसरणीने त्यांना शिस्त लावली, आणि त्यात तथ्य आहे. पण २०२० मध्ये नियमाप्रमाणे त्यांना खाली ढकलले असते तर २०२१ चा तो संघ राहिलाच नसता, याबद्दल मला शंका नाही.

सुरक्षितता दिली की क्लब वाढतो, असे यावरून म्हणावे तर तेही अर्धेच खरे आहे. फ्रान्सच्या कॅटलान्स ड्रॅगन्सना २००६ मध्ये घेतले तेव्हा सुरुवातीची वर्षे पदावनतीतून सूट होती. पहिल्या वर्षी ते तळाला आले, तरी राहिले, आणि त्यांच्याऐवजी अकराव्या क्रमांकाचे कॅसलफर्ड खाली गेले. त्या गावाचा राग मी समजू शकते. पण २००७ मध्ये कॅटलान्स वेम्बलीवर अंतिम सामना खेळले, २००८ मध्ये तिसरे आले आणि २०१८ मध्ये चॅलेंज कप जिंकणारा इंग्लंडबाहेरचा पहिला क्लब ठरले. मग २००९ मध्ये सगळ्यांनाच तीन-तीन वर्षांचे परवाने देऊन पदावनती बंद केली. त्यात आलेले वेल्सचे क्रुसेडर्स २०११ अखेर बाहेर पडले, ब्रॅडफर्डसारख्या चार वेळच्या विजेत्या क्लबावर दिवाळखोरीची कारवाई झाली, आणि तळाच्या संघांचे ऑगस्टमधले सामने रिकाम्या स्टँडपुढे खेळले जाऊ लागले. परवाना म्हणजे अभय असे अनेक संचालकांनी धरून चालले. वेळ मिळाला, पण त्या वेळेत काय करायचे याची कुणी विचारपूस केली नाही.

आजची गुणांकन पद्धत त्या चुकीवरचे उत्तर म्हणून आली. वीस गुणांपैकी प्रेक्षक आणि प्रसिद्धीला पाच, मैदानावरच्या कामगिरीला पाच, आर्थिक स्थितीला साडेचार, स्टेडियमला तीन आणि परिसरातील लोकसंख्या व सामाजिक कामाला अडीच. पंधरा आणि वर म्हणजे ‘अ’ श्रेणी. हिशेबनीस म्हणून मला आर्थिक निकष हवेच आहेत, आणि ताळेबंद तपासल्याशिवाय कुणालाही वर घेऊ नये असे मी ठामपणे म्हणते. सॅलफर्डचे उदाहरण ताजे आहे. २०२४ मध्ये मैदानावर चौथा आलेला हा क्लब पैशाच्या अडचणीमुळे २०२५ चा पहिला सामना कच्च्या पोरांचा संघ घेऊन खेळला आणि सेंट हेलेन्सकडून ८२-० ने हरला. २०२६ साठी स्पर्धा चौदा संघांची झाली, ब्रॅडफर्ड, टूलूझ आणि यॉर्क आत आले, आणि सॅलफर्ड बाहेर राहिले.

माझा आक्षेप कामगिरीच्या गुणांवर आहे. ते तीन वर्षांच्या स्थानांवरून काढले जातात, त्यामुळे खालच्या श्रेणीत सगळे जिंकणाऱ्या क्लबालाही ते वरच्या तळाच्या क्लबापेक्षा सहसा कमी मिळतात. लंडनने २०२३ ची अंतिम लढत टूलूझच्या मैदानावर १८-१४ ने जिंकली आणि थोड्याच दिवसांत जाहीर झालेल्या तात्पुरत्या गुणांकनात ते चोविसावे आले. पुढच्या हंगामात काहीही केले तरी परत खाली जायचे आहे, हे त्यांना एकही सामना खेळण्याआधी कळले होते. त्यांनी तीन सामने जिंकले. खेळाडूंनी ज्या जिद्दीने तो हंगाम पार पाडला त्याबद्दल मला फार आदर आहे, पण ज्या संघाच्या विजयाला किंमतच नाही अशा संघाला स्पर्धेत उभे करणे हा त्या खेळाडूंवरचा आणि तिकीट काढून येणाऱ्यांवरचा अन्याय होता. त्याच काळात वेकफील्ड पंचवीस वर्षांनी खाली गेले, नवा मालक आला, मैदान सुधारले, २०२४ मध्ये खालची श्रेणी गाजवून ते ‘अ’ श्रेणीत परतले आणि २०२५ मध्ये सहावे आले. ज्याच्यामागे पैसा आणि तयारी आहे त्याला घसरण तारते. ज्याच्यामागे नाही त्याला ती बुडवते.

ऑस्ट्रेलियाच्या एनआरएलचा, म्हणजे तिथल्या रग्बी लीगच्या सर्वांत वरच्या स्पर्धेचा, दाखला नेहमी दिला जातो, म्हणून थोडक्यात. तिथे पदावनती नाहीच. तरी २००० ते २००५ या सहा वर्षांत सहा वेगळे विजेते झाले, आणि १९९३ नंतर थेट २०१९ पर्यंत एकसंध स्पर्धेत कुणालाही लागोपाठ दोनदा जिंकता आले नाही. पेनरिथ २००१ मध्ये तळाला होते, २००३ मध्ये विजेते. क्रोनला २०१४ मध्ये तळाला, २०१६ मध्ये इतिहासातले पहिले विजेतेपद. याचे कारण सॅलरी कॅप, म्हणजे खेळाडूंच्या पगारावरची मर्यादा, कडक आहे आणि ती प्रत्येक क्लबाला पूर्ण खर्च करता येईल इतका प्रसारणाचा पैसा सगळ्यांना मिळतो. मेलबर्नने दुहेरी हिशेब ठेवून ती मोडली तेव्हा २०१० मध्ये त्यांची दोन विजेतेपदे काढून घेतली गेली. सुपर लीगमध्येही सुमारे २१ लाख पाउंडांची कॅप आहे, पण काही क्लबांना तिच्यापर्यंत पोहोचणेच जमत नाही, आणि २०१६ पासून ‘मार्की’, म्हणजे बड्या खेळाडूंच्या पगाराचा काही भाग कॅपबाहेर ठेवण्याची सवलत श्रीमंत क्लबांनाच परवडते. अर्थात बंद स्पर्धेचे औषधही सर्वांना लागू पडत नाही. वेस्ट्स टायगर्स २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे तळाला राहिले.

तेव्हा माझ्या हातात असते तर मी काय केले असते, हे विचारलेत म्हणून सांगते. आर्थिक आणि मैदानाचे निकष फक्त पात्र किंवा अपात्र ठरवण्यापुरते ठेवले असते, आणि कोणता क्लब पात्र आहे हे हंगाम सुरू होण्याआधी, जानेवारीत जाहीर केले असते, म्हणजे हन्सलेट आणि ड्यूसबरीसारखे जिंकल्यावर दार बंद होणार नाही. पात्र क्लबांमध्ये पुढचा निर्णय मैदानावर झाला असता, पण दर दोन वर्षांनी. सुपर लीगचा तळाचा संघ दोन हंगामांच्या एकत्रित गुणांवर ठरला असता. अर्जेंटिनाच्या फुटबॉलमध्ये तीन हंगामांच्या सरासरीवर पदावनती होत असे, आणि २०११ मध्ये रिव्हर प्लेटसारखा क्लब त्या हिशेबात खाली गेला. पण तिथे नव्याने वर आलेल्या क्लबाची सरासरी एकाच हंगामावर काढली जाई, ही त्यातली खोट होती. दोन वर्षांचे चक्र ठेवले तर वर येणाऱ्याला पूर्ण दोन हंगाम मिळतात आणि सगळ्यांची मोजणी एकाच दिवसापासून सुरू होते.

दुसरे, चक्राच्या शेवटच्या वर्षी खालच्या श्रेणीचा हंगाम जुलैअखेर संपवला असता, आणि तिचा विजेता व सुपर लीगचा तळाचा संघ यांच्यात दोन सामने, एकेक घरच्या मैदानावर, ऑगस्टमध्ये घेतले असते. आज ऑक्टोबरात कळते ते तेव्हा ऑगस्टमध्ये कळेल आणि खेळाडूंचा बाजार थोडा तरी उघडा सापडेल. तिसरे, खाली जाणाऱ्या क्लबाला मिळणाऱ्या पैशातला ठरावीक वाटा युवा संघ आणि कचेरीतल्या कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी राखून ठेवायची अट घातली असती, कारण पहिला संघ दोन वर्षांत पुन्हा बांधता येतो, पण शाळाशाळांतून पोरे हेरून आणणारा माणूस गेला की गावातला एक अख्खा वयोगट दुसऱ्या खेळाकडे जातो. यातले पैशाचे कलम सर्वांत अवघड आहे. त्यासाठी वरच्या क्लबांना आपल्या वाट्यातून दरवर्षी थोडे सोडावे लागेल, आणि मतदान त्यांच्याच हातात आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये क्लबांच्या मतदानाने मधल्या आठांची पद्धत मोडली, तेव्हाही वादाच्या मुळाशी पैशाची वाटणी आणि निर्णयाचे अधिकार हेच होते. पुढच्या प्रसारण कराराच्या वाटाघाटींत हे कलम लिहून घेतले, तरच बाकीच्या दोन सुधारणांचा उपयोग होईल.